अपेक्षित उत्तर

निर्मला खरात या बाईंवर मी सात वर्षं जळले. हे आधीच सांगून टाकते. एखाद्याविषयी लिहायला बसलं की माणूस आपोआप गोड लिहायला लागतो, आणि त्यातून तो माणूस गेलेला असेल तर विचारायलाच नको. बाई गेलेल्या नाहीत, चांगल्या ठणठणीत आहेत. त्यामुळे गोड लिहिण्याची सोयही मला उरलेली नाही.

तसं पाहिलं तर जळावं असं त्यांच्याकडे होतं काय? जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका. बारावी आणि डी.एड. मी म्हणजे शिक्षकांना शिकवणारी. इथे संभाजीनगरात शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेत अधिव्याख्याता, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आणि पर्यावरण शिक्षणात पीएच.डी. माझ्या प्रबंधाची सोनेरी अक्षरांची निळी प्रत ऑफिसच्या कपाटात अशी ठेवली आहे की आलेल्याला ती दिसलीच पाहिजे. बाईंची शाळा देवगाव रंगारीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, दोन शिक्षकांची. गावाचं नाव मी सांगत नाही. त्या गावाने इतर गावांपेक्षा वेगळं असं काहीच केलेलं नाही.

राज्यात तेव्हा पहिली ते दहावी सलग चालेल असा पर्यावरण शिक्षणाचा कार्यक्रम तयार होत होता. प्रत्येक जिल्ह्याने आपला मसुदा पुण्याच्या समितीला पाठवायचा आणि त्यातून एक राज्याचा कार्यक्रम उभा राहायचा. आमच्या जिल्ह्याचा मसुदा माझ्याकडे होता. मी वर्षभर त्यावर बसले होते. कार्यक्रमाचे सहा स्तंभ मी काढले होते, प्रत्येक स्तंभाला रंग दिला होता, आणि कोणत्या इयत्तेला कोणती क्षमता याचा तक्ता तर इतका मोठा झाला होता की तो भिंतीवर लावायला शिपायाला स्टुलावर चढावं लागलं. एकदा हे मार्गी लागलं की राज्याच्या कामात आपलं नाव होणार, हे मी मनाशी धरून चालले होते.

मसुद्यावर चर्चा करायला जिल्ह्यातले शिक्षक बोलावले होते. जेवणाची सुट्टी झाली, सगळे परत आले, मी तिसरा स्तंभ दाखवत होते आणि मागच्या रांगेत एक हात वर झाला. सावळ्या, ठेंगण्या बाई, सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. शाळेतली पोरं कवायतीला घालतात ते.

"म्याडम, एक इचारू का?"

"विचारा ना."

"आत्ता जेवल्यावर आपुन समदे त्या नळावर हात धुऊन आलो. ते पाणी कुठं जातं?"

मी हसले. "ड्रेनेजमध्ये जातं, बाई."

"बघितलं का तुम्ही?"

यात टोमणा नव्हता. मी सात वर्षं त्या वाक्यात टोमणा शोधला, तो नव्हताच. बाईंना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, आपण नंतर बोलू, आधी स्तंभ पुरे करू. त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय, तुमचं चालू द्या. मी बघून येते." आणि उठल्या. त्यांच्या शेजारच्या दोघी उठल्या. मग एक रांग उठली. पाच मिनिटांत हॉलमध्ये मी, तिसरा स्तंभ, आणि भरपेट जेवून डोळा लागलेले दोन गुरुजी एवढेच उरलो.

मीही गेले मग. करते काय! नळाचा पाइप इमारतीला वळसा घालून मागच्या भिंतीशी गेला होता आणि भिंतीला भोक पाडून बाहेर काढला होता. ड्रेनेज वगैरे काही नव्हतंच. पलीकडे अय्युबभाईचा चहाचा गाडा. सगळे शिक्षक त्याच्याभोवती गोळा झालेले, आणि अय्युबभाई बाईंना हातवारे करून सांगत होता, "पानी तो इधरीच आता ना बाई, बरसों से! गाडी के नीचे हर साल पत्थर बदलता मैं. पूछने कू आजतक कोई नहीं आया, आप पैले." अकरा वर्षं मी त्याचा चहा पीत होते. शिपाई आणून द्यायचा. भिंतीच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते. स्लाइड बदलायचं रिमोट हातात घेऊन मी संस्थेच्या मागच्या फाटकात उभी राहिले, आणि माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते तिथे.

बाईंच्या पिशवीत कायम दोन वह्या असायच्या. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेल्या. एकीवर लिहिलेलं, 'बघितलेलं'. दुसरीवर, 'ऐकलेलं'. कुणी काहीही सांगितलं की बाई दोन्ही वह्या काढून विचारायच्या, "कोणत्या वहीत लिवू?" साहेबांनी सांगितलं की यंदा तालुक्यात सगळी रोपं जगली. "व्हय का सर? कोणत्या वहीत लिवू?" मी म्हटलं, या भागातली भूजल पातळी खाली चालली आहे. "लई वाईट झालं म्याडम. कोणत्या वहीत लिवू?" सुरुवातीला लोक हसायचे. पुढे पुढे बाई दिसल्या की जरा जपून बोलायचे. त्यांची 'ऐकलेलं' ही वही जाडजूड होती आणि लवकर भरायची, 'बघितलेलं' मात्र वर्षभर पुरायची. माझं जे काही त्यांनी टिपलं असेल ते सगळं जाड वहीत गेलं, याबद्दल मला शंका नाही.

'पर्यावरण' हा शब्द बाई वापरत नसत. मी एकदा कारण विचारलं. "तो म्हणला की पोरं निबंध लिवायला बसतेत, म्याडम. मग बाहेर कोण जाणार?" माझ्या प्रबंधाच्या नावात तो शब्द दोनदा आहे.

आणखी एक. बाई कुणावर ओरडत नसत, पण कुणाची खोटी स्तुतीही करत नसत. मी माझा रंगीत तक्ता त्यांना दाखवला तेव्हा त्यांनी तो वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचला. चांगली पंधरा मिनिटं वाचला. मग म्हणाल्या, "मेहनत लई घेतली तुम्ही." बस्स. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. निदान "छान आहे" म्हणायला काय जात होतं?

मसुद्यासाठी शाळा पाहायच्या म्हणून पुढे एकदा मी त्यांच्या शाळेत गेले. माझ्याबरोबर एक अधिकारी होते. त्यांनी चौथीच्या वर्गात जाऊन ठरलेला प्रश्न टाकला, "सांगा बघू, पर्यावरण म्हणजे काय?" दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी.

"माहीत नाय सर. बघून येऊ का?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी बाईंकडे. बाई खिडकीपाशी शांत उभ्या. साहेब हसून म्हणाले, "जा, ये बघून." ती गेली ती वीस मिनिटं आलीच नाही. साहेबांना पुढच्या शाळेत जायचं होतं, पण आता जाता येईना, कारण त्यांनीच पाठवलेलं. शेवटी ती आली आणि पाटीवरून वाचायला लागली. "शाळेमागं बाभळ एक. तिला सुगरणीचे खोपे तीन. त्यातले दोन रिकामे. हापशाखाली चिखल हाय, पण त्यात गांडुळं नायत, कारण तिथं बाया साबण लावतेत. वरच्या चिखलात हायत." आणि मान वर करून म्हणाली, "आजून बघायचं राहिलंय सर, पर वाटलं तुम्ही जाताल."

साहेब गाडीत जाऊन बसले. बसल्यावर म्हणाले, "देशमुख मॅडम, या बाईंना आपल्या टीममध्ये घ्या." टीम माझी होती. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

नंतर मी एकटी पुन्हा गेले. मला वाटत होतं, हे सगळं पाठ करून घेतलेलं असणार, आणि ते मला पकडायचं होतं. मी सरळ विचारलंच, "बाई, तुम्ही मुलांकडून आधी करवून घेता का हो हे?" बाई म्हणाल्या, "करून घेतलं आसतं तर इतका येळ लागला आसता का? साहेब किती खोळंबले." मग डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. अर्धी भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि मी न विचारताच त्यांनी ती गोष्ट सांगितली.

"माझं माहेर कन्नड तालुक्याकडचं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गावातलं समदं सांडपाणी उताराला लागून आमच्या दारात यायचं. आई सकाळी उठली की आधी खराट्यानं ते पाणी वळवायची, मग चूल पेटवायची. मला वाटायचं समद्यांच्याच दारात येतं. मग शाळेत धडा आला. खाली प्रश्न, सांडपाणी कुठे जाते? पुस्तकातलं उत्तर होतं, गटारात. मी लिवलं, आमच्या दारात." बाई हसल्या. "गुरुजींनी काट मारली. लाल पेनानं, ही एवढी. मी घरी येऊन आईला इचारलं, आई, हे गटार हाय का घर? आईनं खराटा उचलला न् पाणी वळवायला गेली. मग मास्तरीण झाल्यावर ठरवलं, आपल्या वर्गात या प्रश्नाला काट मारायची नाय. पोरगं बघून आलं ना, मग ते जे लिवील ते उत्तर."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण त्याच्या आधी काय वाटलं तेही लिहिते. वाटलं की ही गोष्ट माझ्याकडे का नाही? आमचं गावाकडचं घर वरच्या आळीत. आमच्या न्हाणीतून पाणी बाहेर पडायचं, एवढं मला आठवतं. पुढे ते कुठे जायचं हा प्रश्न मला लहानपणी पडला नाही, एम.एस्सी.ला पडला नाही, आणि पीएच.डी.लाही पडला नाही. भाकरीचा तुकडा तोंडात घेऊन मी त्या बाईंच्या दुःखाचा हेवा करत बसले होते.

पुण्याच्या समितीपुढे त्यांना न्यावंच लागलं, साहेबांचा हुकूम होता. मी दीड तास मांडणी केली. अध्यक्ष, पांढऱ्या भुवयांचे एक निवृत्त प्राध्यापक, मधूनमधून मान डोलवत होते. मग बाई बोलल्या. दहाच मिनिटं, तीही उभ्या राहून, बाकाला धरून. हात धुतलेल्या पाण्यामागं चालत गेलं की काय काय भेटतं, एवढंच सांगितलं. सांगताना अय्युबभाईच्या गाड्याखालचे दगडही आले, त्यांच्या आईचा खराटाही आला. अध्यक्षांनी माझी फाइल हलकेच मिटली आणि म्हणाले, "देशमुख मॅडम, तुमचे स्तंभ राहू देत. पण सुरुवात इथून करू. प्रत्येक इयत्तेची पहिली कृती हीच." कृतीचं नावही तिथेच ठरलं, 'पाण्याच्या मागे'. आणि शिक्षकांची हस्तपुस्तिका लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण बाईंचं मराठी, समितीच्या म्हणण्याप्रमाणे, 'छापायजोगं' नव्हतं.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. नगर मागे पडल्यावर म्हणाल्या, "म्याडम, तुम्ही लिवणार ते चांगलंच आसंल. एकच करा. उत्तराची जागा कोरी सोडा."

मी म्हटलं, "तुमचं नाव कुठे घालू? कृतीखाली घालू का?"

"नाव ऱ्हायलं तरी चालंल. जागा तेवढी कोरी सोडा."

मी "हो" म्हटलं. दोनदा म्हटलं.

हस्तपुस्तिकेत प्रत्येक कृतीच्या शेवटी एक चौकट होती, 'अपेक्षित उत्तर'. शिक्षकांच्या सोयीसाठी असते ती, सगळ्या पुस्तिकांत असते. मी पहिल्या कृतीची चौकट कोरी ठेवून हस्तलिखित पाठवलं. शब्द पाळला होता मी, हे नोंदवून ठेवते. मग ऐन छपाईच्या आधी जुळणी करणाऱ्याचा फोन आला. "मॅडम, पहिल्या कृतीची चौकट रिकामी आलीय. चुकून राहिली का?"

'मुद्दाम ठेवली आहे' हे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो? पण त्याच सकाळी एका बैठकीत मी ऐकलं होतं, एक जण दुसऱ्याला सांगत होता, "तो खरात बाईंचा कार्यक्रम येतोय ना नवीन." खरात बाईंचा! माझे सहा स्तंभ, माझा तक्ता, माझं वर्ष, आणि कार्यक्रम खरात बाईंचा. दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत होतं. मी फोनवर म्हटलं, "राहिली असेल. लिहून घ्या. सांडपाणी शोषखड्ड्यात जाते."

शोषखड्डा म्हणजे दगडगोट्यांनी भरलेला खड्डा. सांडपाणी त्यात सोडायचं, ते जमिनीत मुरतं. गावोगावी असावा अशी अपेक्षा असते. अपेक्षित उत्तर म्हणून ते चुकीचं नव्हतं. बाईंचं नाव मी शेवटच्या पानावर 'सहकार्य' या मथळ्याखाली अकारविल्हे टाकलं. ख लवकर येतो, म्हणून तेही तसं वरच आलं.

कार्यक्रम राज्यभर सुरू झाला. आमच्या जिल्ह्यातून शाळांचे तक्ते भरून यायला लागले. माझ्या टेबलावर गठ्ठ्यावर गठ्ठा चढला. मी पहिला उघडला. सांडपाणी शोषखड्ड्यात जाते. दुसरा. सांडपाणी शोषखड्ड्यात जाते. डोंगरातल्या शाळेचं पाणी शोषखड्ड्यात, नदीकाठच्या शाळेचं शोषखड्ड्यात, आणि ज्या शाळेला नळच नाही हे मला पक्कं ठाऊक होतं तिचंही शोषखड्ड्यात. एका शाळेने तर वर 'अपेक्षित उत्तर' हे शब्दही सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. मी गुरुजींना हसणार नाही. आमच्या खात्यात पुस्तिकेपेक्षा वेगळं उत्तर लिहिलं की खुलासा मागतात, आणि खुलासा कुणाला हवाय? एक मूलही बाकावरून उठलं नसेल.

आढावा बैठकीत पडद्यावर आमच्या जिल्ह्याच्या उत्तरांचं वर्तुळ दाखवलं गेलं. अख्खं एका रंगाचं, हिरवं. टाळ्या पडल्या. मला शाल आणि एक तुळशीचं रोप मिळालं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी मी त्या दिवशी शाल पांघरून खुर्चीत बसले होते.

वर्तुळात एक बारीक फट होती. एका शाळेचा तक्ता 'अपूर्ण' शेऱ्यात गेला होता. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला खुलासा विचारणारं पत्र माझ्याकडे सहीला आलं. मी नाव वाचलं. श्रीमती निर्मला खरात. आणि सही केली. घाईत केली असं म्हणता आलं असतं, पण त्या दिवशी मला काही काम नव्हतं.

चार दिवसांनी बाई स्वतः ऑफिसात आल्या. एस.टी.ने, डबा घेऊन. पत्र माझ्यासमोर ठेवलं. "सही तुमची दिसली. म्हणलं चुकून झाली आसंल."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी पिशवीतून शाळेचा तक्ता काढला. 'उत्तर' या छापील ओळीवर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली होती, आणि त्याखाली मुलांनी पेन्सिलीने शाळेपासून निघालेली एक रेघ काढली होती. रेघ हापशापासून, देवळामागून, किराणा दुकानापुढून उतरत गेली होती आणि खालच्या वस्तीतल्या घरांच्या दारात संपली होती. घराघराला नाव होतं. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आजून बघत आहोत'.

"बाई, फॉर्म आहे हो तो," मी म्हटलं. "एक ओळ भरून टाका. सगळ्यांनी भरलीय."

त्यांनी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. "भरते की. आमच्याकडं शोषखड्डा हाय, हे कोणत्या वहीत लिवू?"

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. 

"त्या घरातली चार पोरं माझ्या वर्गात हायत, म्याडम," बाई म्हणाल्या. "त्यांनी बघून लिवलंय. त्यावर आता मी काट मारू व्हय?"

आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत पाणीबिणीही नव्हतं. त्या खरंच विचारत होत्या, जसं पहिल्या दिवशी नळाच्या पाण्याचं विचारलं होतं. मी म्हटलं, पत्राचं बघते मी. त्या उठल्या, वह्या पिशवीत टाकल्या, आणि दारातून वळून म्हणाल्या, "एकदा येऊन बघून जा की. तुम्ही बघितलं तर तुम्हालाच लिवता यील."

"येते ना," मी म्हटलं. ते पत्र मी ड्रॉवरमध्ये टाकून दिलं, प्रकरण पुढे नेलंच नाही, आणि त्यालाच मनातल्या मनात उपकार समजत राहिले. गावी गेले नाही. मी शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि ते मला छान जमत होतं.

गेले ते त्यांच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला. प्रमुख पाहुणी म्हणून. शाळेच्या पटांगणात मांडव होता, गाव लोटलं होतं, वरची आळी आणि खालची वस्ती दोन्ही. मी भाषणात कबूल करणार होते. पडेगाव सोडल्यापासून गाडीत वाक्यं जुळवत होते. उभी राहिले आणि बाईंची कर्तव्यनिष्ठा, बाईंचा साधेपणा, असलं काहीतरी बोलून खाली बसले.

मग बाई उठल्या. माइकचा दांडा त्यांच्या उंचीला आणायला दोघं धावले. त्या म्हणाल्या, "हे पाण्यामागं चालायचं राज्यात गेलं, ते ह्या देशमुख म्याडममुळं गेलं. मी नुस्तं इचारलं. पुस्तक त्यांनी केलं. न्हाय तर माझं कोण ऐकतंय?" लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी बाईंच्या चेहऱ्यावर बारकाईनं शोधलं. थोडा टोमणा, थोडी जळजळ, काहीतरी. असतं तर मला किती बरं वाटलं असतं! तिथे काही नव्हतं. मी इतकी वर्षं जिच्यावर जळत होते, तिने एकदाही वळून माझ्यावर जळण्याची तसदी घेतली नव्हती, आणि मला त्याचाही राग आला.

त्या दिवशीचं पुढचं थोडं राहिलंय, पण आधी आजचं सांगते. पुस्तिकेची नवी आवृत्ती निघते आहे आणि तिची प्रूफं माझ्यासमोर पडली आहेत. पहिल्या कृतीच्या चौकटीतली ओळ मी खोडली. समितीत त्यावरून वाद झाला, उत्तर नसेल तर शिक्षक गोंधळतील असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी पहिल्यांदाच हट्टाला पेटले. आवृत्ती थांबली तरी चालेल, पण चौकट कोरीच राहील असं म्हटलं, आणि ती राहिली. कृतीच्या खाली नावही घातलं, निर्मला खरात. वाटलं होतं, आता तरी पोटातलं दुखणं थांबेल. थांबलं नाही. नाव त्यांना कधी नकोच होतं, आणि जे त्यांच्याकडे होतं ते प्रूफात घालता येत नाही. आता बाई लेकीकडे लातूरला असतात. मधूनमधून फोन येतो. कधी उचलते, कधी नाही.

तर त्या दिवशी. जेवणं झाली. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. फोटो काढायचा म्हणून सगळे बाईंना शोधत होते आणि बाई सापडेनात. मी मांडवाच्या मागे गेले. तिथे ड्रमला नळ लावून हात धुवायची सोय केली होती, गावचं गाव हात धुऊन गेलं होतं, आणि खरकट्या पाण्याची एक चांगली धार उताराला लागली होती. बाई तिच्या कडेकडेने चालल्या होत्या. गावाने आहेर केलेली नवी कोरी साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत तेच कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यातला हार काढून हाताला गुंडाळलेला.

मी शाळेच्या भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले. पावलांचा आवाज ऐकून त्या वळल्या आणि मला बघून त्यांना खरंच आनंद झाला.

"या ना म्याडम. लांब नाय. त्या वळणापुढंच वस्ती हाय."

माझ्या पायांत नव्या चपला होत्या. मागे ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं. "आलेच मी."

त्यांनी मान हलवली. त्यांचा विश्वास बसला. मग त्या पाण्यामागं चालत वळणापर्यंत गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी आणखी थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि गाडीत जाऊन बसले.

ते पाणी कुठे जातं, हे मला अजूनही ऐकूनच माहीत आहे.